अवघड सीनमध्ये प्रेक्षक कानकोंडे झाले की नुसते कंटाळले, हे कसं ओळखायचं?

मधली_सुट्टी (प्रश्न)

१४ मिनिटांची शॉर्ट फिल्म आहे, दुसरा कट (संकलित आवृत्ती) तयार आहे. मध्यावर ३ मिनिटं ४० सेकंदांचा एक सीन येतो. ऑफिसमधल्या वरिष्ठ बाईंचा निरोपसमारंभ चाललाय. विनयला कुणीही बोलायला सांगितलेलं नाही, तरी तो ग्लास घेऊन उभा राहतो आणि भाषण ठोकतो. आधी एक फसलेला विनोद. मग बाईंनी विश्वासाने सांगितलेला एक खासगी किस्सा. आणि शेवटी गाडी घसरते ती आपल्याला बढती मिळायला कशी हवी होती यावर.

सीन बघवू नये असाच व्हायला हवा होता. प्रेक्षकांचं झालं ते असं: पहिल्या विनोदाला हशा, दीड मिनिटाच्या सुमारास चुळबूळ, मग दोघातिघांचे मोबाइल बाहेर. नंतरच्या बोलण्यात दोनच तक्रारी. "तो माणूस डोक्यात जातो" आणि "सीन लांबला".

आता टीममध्ये दोन मतं आहेत. एक म्हणतं, सीन दोन मिनिटांवर आणा. दुसरं म्हणतं, सुरुवातीला विनय जरा बरा माणूस वाटेल असा एखादा प्रसंग घाला. दोन्हीतलं काय करावं? की "डोक्यात जातो" ही आपल्याला पावतीच समजायची?

तांत्रिक माहिती: सेकंदाला २४ फ्रेम, एक मास्टर (सगळी खोली दिसणारा सलग शॉट), विनयचा क्लोज-अप, बाईंचा क्लोज-अप, ऐकणाऱ्यांचे चार-पाच शॉट. खाली हलका पियानो आहे.

---

कटपट्टी

आधी पियानो काढा. बाकीचं सगळं त्यानंतर. संगीत असलं की प्रेक्षकाला कळतं की कुणीतरी हा प्रसंग सांभाळून घेतोय, आणि मग तो त्या खोलीत अडकत नाही, बाहेर बसून बघतो. संगीताच्या जागी खोलीचा आवाज हवा. शूटिंगच्या वेळी ३० ते ६० सेकंदांचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, घेतला असेल तर उत्तम. नसेल तर दोन वाक्यांमधल्या स्वच्छ जागा उचलून जोडा. निव्वळ शांतता ठेवू नका, साउंड गेलाय असं वाटतं. पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, प्लेटला लागलेला चमचा, एवढं पुरे. चमचा एकदाच.

आता लांबीचं. ३:४० हा आकडा मोठा नाही. ते सेकंद कुठे खर्च झालेत ते बघा. साध्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात. दहा भाषांमधल्या संभाषणांच्या २००९ मधल्या अभ्यासात हा आकडा आला होता. २४ फ्रेममध्ये म्हणजे जेमतेम पाच फ्रेम. शांतता सेकंदाच्या आसपास ताणली की ऐकणाऱ्याला काहीतरी बिनसल्याची चाहूल लागते. ग्रोनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग केला होता. गप्पांच्या व्हिडिओत एका विधानानंतर फक्त ४ सेकंदांची शांतता ठेवली, आणि स्वतःला त्या गप्पांमध्ये कल्पून बघणाऱ्यांना आपण झिडकारले गेलो असं वाटू लागलं. ४ सेकंद म्हणजे ९६ फ्रेम. टाइमलाइनवर ते फार लांब दिसतं म्हणून हात आपोआप कात्रीकडे जातो.

पण ही शांतता सीनमध्ये एकदाच खपते. बहुतेक कटमध्ये होतं असं की अवघडलेपण आणायचं म्हणून प्रत्येक वाक्यानंतर दीड-दोन सेकंद सोडलेले असतात. मग कान त्या लयीला सरावतात आणि सीन फक्त संथ वाटतो. उलट करा. विनयची वाक्यं घट्ट बांधा, पाच ते आठ फ्रेमचं अंतर, जणू त्याला कुणी मध्ये बोलेल याची भीती आहे. आणि खासगी किस्सा संपला की एकच मोठी दरी सोडा. एवढ्यानेच २०-२५ सेकंद सुटतील आणि सीन मात्र जास्त बोचेल.

ऐकणाऱ्यांच्या शॉटमध्ये कुणी डोळे फिरवतंय, कपाळावर हात मारतंय असं असेल तर ते शॉट काढून टाका. "हो, हा माणूस विचित्रच आहे" असं पडद्यावरच्या माणसाने म्हटलं की प्रेक्षकाचं काम संपतं. ठेवायचा असेल तर अशा माणसाचा शॉट ठेवा जो विनयला सांभाळून घ्यायला बघतोय. विनोद कळलेला नसताना हसणारा, मान डोलावणारा. त्याची केविलवाणी मदत बघताना जास्त अंगावर येतं.

आणि क्लोज-अप कमी करा. क्लोज-अपमध्ये खोली नाहीशी होते, उरतो एक चेहरा. चेहरा कितीही वेळ बघता येतो. बघवत नाही ते चेहरा आणि त्याच्यासमोर बसलेली माणसं एकाच फ्रेममध्ये असताना. रुबेन ऑस्टलुंडच्या 'फोर्स मेज्योर'मधला (२०१४) हिमस्खलनाचा प्रसंग असाच स्थिर कॅमेऱ्यासमोर घडतो. बाप फोन आणि हातमोजे उचलून पळतो, आई मुलांना कवटाळून तिथेच राहते, धुरळा बसतो आणि बाप परत येऊन टेबलापाशी बसतो. बापाच्या चेहऱ्यावर कट केला असता तर आपण त्याच्या मनात काय चाललंय ते शोधत बसलो असतो. शॉट तुटत नाही म्हणून आपणही त्याच टेबलाशी बसून राहतो.

---

तिसरा_मसुदा

संकलनाबद्दल वर आलंय ते बरोबर आहे, पण "डोक्यात जातो" ही तक्रार मला पटकथेतली वाटते. एडिट टेबलवर ती मिटणार नाही.

पात्र आवडणं आणि पात्राच्या मागे जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपट अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये ही फोड व्यवस्थित करून ठेवली आहे: आपण पात्राला ओळखतो, त्याच्यासोबत चालतो, आणि मग त्याची बाजू घेतो किंवा घेत नाही. तिसरी पायरी चुकली तरी चित्रपट चालतो. दुसरी चुकली की मोबाइल बाहेर येतात. विनयची बाजू कुणी घेऊ नये असंच तुम्हाला हवंय, ठीक आहे. पण उभा राहताना त्याला काय हवं होतं, हे प्रेक्षकाला ठाऊक होतं का? नसेल तर तो साडेतीन मिनिटं एका बडबड्या माणसाला सहन करतोय, बस.

म्हणून "बरा माणूस वाटेल असा प्रसंग" घालू नका. कुत्र्याला बिस्किट घातलं, म्हाताऱ्या बाईंना रस्ता ओलांडायला मदत केली, हे प्रेक्षक लगेच ओळखतो आणि त्याला लाच दिल्यासारखं वाटतं. त्याऐवजी २० सेकंदांत त्याची गरज दाखवा, आणि ती छोटी असू द्या. समारंभाआधी बाईंच्या निरोपाच्या कार्डावर सही करायला त्याला जागाच उरलेली नाही, एवढंही चालेल. आता तो ग्लास घेऊन उठला की का उठला ते कळतं. तो तितकाच डोक्यात जाईल, पण नजर हटणार नाही.

दुसरं, कुणाला काय माहीत आहे याचा हिशेब मांडा. या सीनमध्ये तीन पक्ष आहेत: विनय, खोली आणि प्रेक्षक. तिघांना सगळं एकाच वेळी कळत असेल तर ताण येत नाही. खासगी किस्सा सुरू होतो तेव्हा तो खासगी आहे हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत हवं. तरच पहिल्या शब्दाला पोटात गोळा येईल. नंतर बाईंच्या चेहऱ्यावरून कळणार असेल तर तोवर किस्सा सांगून संपलेला असतो, अवघडायला वेळच मिळत नाही.

आणि "लांबला" या तक्रारीचं कारण बहुधा हे आहे: त्याला खाली बसायची संधी किती वेळा मिळते? संहिता घ्या आणि अशा जागांवर खूण करा. विनोदानंतर कुणीतरी "वा, छान" म्हणून टाळ्या सुरू करतं, ही पहिली. किस्सा सुरू होताच बाई "अरे, ते राहू दे" म्हणतात, ही दुसरी. तिसऱ्यांदा कुणीतरी सरळ केक पुढे करतं. प्रत्येक वेळी दार उघडतं आणि तो ते स्वतःच्या हाताने लावून घेतो. असे नकार नसतील तर तो एकच चूक तीनदा करतोय, आणि दुसऱ्या वेळेपासून प्रेक्षक पुढचं ओळखून बसतो. दीड मिनिटाला चुळबूळ म्हणताय ना, तिथे बघा. विनोदापासून किस्सा सुरू होईपर्यंत अडवणारं कुणीच नसेल.

मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द किंग ऑफ कॉमेडी'मध्ये विनोदी कलाकार व्हायला धडपडणारा रुपर्ट पपकिन न बोलावता टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध कलाकाराच्या घरी जाऊन बसतो. त्याने सोबत आणलेली रिटा नसती तर तो प्रसंग नुसता वेडेपणाचा झाला असता. आपल्याला इथे बोलावलेलंच नाही हे आधी तिच्या ध्यानात येतं. त्याला नंतर पूर्ण समजतं की नाही, कोण जाणे. तुमच्याकडे रिटाच्या जागी कुणी आहे का? विनयच्या बाजूने आलेला, त्याची लाज वाटून घ्यायला बांधील असलेला एक तरी माणूस?

जाता जाता: तो सिनेमा अमेरिकेत तिकीटखिडकीवर आपटला होता. असल्या सीनचा प्रेक्षक आधी चिडतोच.

---

कटपट्टी

कार्डाची युक्ती चांगली आहे. पण "वा, छान" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याचा शॉट कापून दाखवू नका, आवाज फ्रेमबाहेरून येऊ द्या. दाखवलात की प्रेक्षक त्या माणसाकडे आशेने बघायला लागतो.

---

तिसरा_मसुदा

इथे माझं मत वेगळं. आशेने बघायला लागला तरच पुढचा नकार लागतो. निदान पहिल्या वेळी तरी तो माणूस दिसावा.

---

शेवटची_रांग

थोडा विरोधी सूर लावतो. इथे सगळे अवघडलेपण वाढवायचं कसं ते सांगताहेत, पण कुणाच्या जिवावर, हे कुणी विचारत नाहीये.

दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. एकात माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं हसं करून घेतो आणि त्याला पत्ता नसतो. दुसऱ्यात परिस्थिती किंवा आजूबाजूचे लोक त्याला खजील करतात. पहिल्यात आपल्याला दुसऱ्याच्या वतीने लाज वाटते. जर्मनीतल्या मारबुर्गच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे मेंदूच्या स्कॅनमधून तपासलं होतं. त्या माणसाला स्वतःला लाज वाटत असो वा नसो, बघणाऱ्याला वाटतेच, आणि दुसऱ्याची वेदना बघताना मेंदूचे जे भाग जागे होतात तेच इथेही होतात. त्यामुळे बोटांच्या फटीतून बघणारा, उठून पाणी प्यायला जाणारा प्रेक्षक रसिक नाही असं समजू नका. काहींना ते खरोखरच सोसत नाही.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण 'फँड्री'. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडतंय, शाळेतली पोरं बघून हसताहेत, डुक्कर हाताशी आलेलं असताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निसटतं. थिएटरात त्या क्षणी हसू फुटतं. मग आपण कुणाच्या बाजूला उभं राहून हसलो ते ध्यानात येतं. शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो तो उगाच नाही. तिथे जब्याची काही चूक नसते. नागराज मंजुळेंनी अवघडलेपण पात्रातून काढून प्रेक्षकावर ढकललं आहे.

तुमच्या सीनला एक चाचणी लावा. विनयच्या जागी कंपनीचा मालक हेच भाषण करतोय अशी कल्पना करा. तरीही सीन अवघडतो का? अवघडत असेल तर विषय भाषण आहे. मालकाला सगळे मुकाट हसले असते आणि विनयला हसत नाहीत, असं असेल तर विषय हुद्दा आहे, आणि मग बढतीचा मुद्दा शेवटी घसरत यायला नको, तोच सीनचा कणा हवा. आणि हशा जर विनयच्या कपड्यांवर, बोलण्याच्या ढबीवर येत असेल तर प्रेक्षकांनी मोबाइल काढले ते बरंच केलं म्हणायचं.

---

विंगेतून

अभिनयाचं कुणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात.

विनयने अवघडायचं नाही. चाचरणं, घाम पुसणं, ग्लासशी चाळा, सगळं बंद. त्याच्या मते भाषण झकास चाललंय. नट "मी अवघडलोय" असं खेळायला लागला की प्रेक्षकाच्या वाटणीचं अवघडलेपण तोच करून टाकतो. त्याला एक काम द्या: बाईंना हसवायचं. विनोद फसला की आवाज चढेल, वेग वाढेल, आपोआप. चेहरा पडायचा असेल तर एकदाच, बढतीच्या वाक्यानंतर, आणि तोही लगेच सावरायचा.

ऐकणाऱ्यांना "अवघडल्यासारखं करा" असं कधीच सांगू नका. दहा जण दहा तऱ्हेची तोंडं करतात. प्रत्येकाला क्रिया वाटून द्या. एकाने प्लेटमधलं संपवायचंय, एकीला निघायचंय म्हणून ती पर्स शोधतेय, एकाने बाईंकडेच बघत राहायचंय. पुन्हा शूट करणार असाल तर क्रम उलटा ठेवा: कॅमेरा आधी ऐकणाऱ्यांवर, आणि भाषण त्यांना आधी ऐकवायचं नाही. पहिल्यांदा ऐकतानाचा चेहरा दुसऱ्या टेकला मिळत नाही. विनयचा शॉट नंतर कितीही वेळा घेता येतो. भाषण मात्र दोन्ही बाजूंना सलग चालवा, तुकडे पाडू नका. खोलीतला ताण तीन मिनिटांनंतर जमतो, "कट" ऐकलं की विरतो.

---

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी स्पष्ट करतो. डोळे फिरवणारे दोन शॉट आहेत, हो. आणि खाली बसायची संधी एकदाच येते, तीही शेवटाकडे. कार्डाचा शॉट वेगळा घेता येईल, तेच लोकेशन अजून हातात आहे. मालकाच्या चाचणीत सीन हुद्द्याचाच निघतोय. बढतीचं वाक्य विनोदातच डोकावेल असं डबिंगमध्ये करता येईल का ते बघतो.

पुढचा कट दाखवताना मूळ प्रश्न तसाच राहतो: कंटाळा आणि अवघडलेपण वेगळं कसं ओळखायचं? दोन्हीत माणसं चुळबुळतात. आणि सीनमधून बाहेर कुठे पडायचं? सध्या विनय खाली बसतो आणि टाळ्यांवर कट आहे.

---

अंधारातली_वही

प्रायोगिक खेळांबद्दल, म्हणजे कट आधी थोड्या प्रेक्षकांना दाखवून बघण्याबद्दल, सांगतो. आठ-दहा माणसं पुरतात, पण टीमच्या ओळखीची नकोत आणि आधीचा कट पाहिलेली तर अजिबात नकोत. एकत्र बसवून दाखवा. एकटा बघणारा हसत नाही, आणि अशा सीनमध्ये हसणं हीच वाफ सोडायची जागा असते. परवानगी घेऊन पडद्याखाली एक कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर लावा. तेही जमत नसेल तर एक माणूस बाजूला बसवून टाइमकोडसह (फिल्ममधल्या नेमक्या मिनिट-सेकंदासह) नोंदी घ्यायला सांगा.

चुळबूळ दोन्हीत होते, पण तिची रीत वेगळी असते. कंटाळलेला माणूस मागे रेलतो, मोबाइल काढतो, घड्याळ बघतो, आणि हे ज्याचं त्याचं वेगवेगळ्या वेळी होतं. अवघडलेली माणसं एकाच वाक्याला हलतात: हात तोंडावर, मान खाली, शेजाऱ्याकडे चोरटी नजर, दबलेलं हसू. आणि काही सेकंदांत नजर परत पडद्यावर येते. नोंदी टाइमकोडवर मांडल्या की दिसतं. अवघडलेपणाच्या खुणा एका जागी गोळा झालेल्या असतात, कंटाळ्याच्या सगळीकडे विखुरलेल्या. मोबाइलनेच फसू नका, काही जण तोंड लपवायलाही मोबाइल काढतात. तो परत खिशात केव्हा गेला ते लिहा. किस्सा सुरू होताच गेला असेल तर चिंता नाही.

दाखवून झाल्यावर "कसं वाटलं" विचारू नका. "डोक्यात जातो" हेच उत्तर येणार. हे विचारा: "तुम्ही तिथे असता तर त्याला कुठल्या वाक्याला थांबवलं असतं?" बहुतेकांचं बोट एकाच वाक्याकडे गेलं तर सीन जमलाय. "उभा राहिला तेव्हाच" असं बरेच जण म्हणाले तर त्याला काय हवंय ते पोचलेलं नाही, कार्डाचा शॉट अपुरा पडतोय. उत्तरं सगळीकडे पांगली तर चढण नाही, सपाटी आहे. दुसरा प्रश्न: "दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय होईल?" यावर लोक आपसात वाद घालायला लागले तर विनय त्यांना आवडो न आवडो, ते त्याच्यासोबत चाललेत. हे प्रश्न आधी कागदावर लिहून घ्या, मगच चर्चा. नाहीतर पहिला बोलतो तेच सगळे बोलतात.

ऑनलाइन दाखवणार असाल तर वेगळा हिशेब करा. तिथे दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण हाताशी असतं आणि अवघड सीनला ते हमखास दाबलं जातं. किस्सा संपल्यावरची ती ४ सेकंदांची शांतता त्या उडीत गेली तर फार बिघडत नाही. बढतीचं वाक्य गेलं तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून शांतता आणि ते वाक्य लागोपाठ ठेवू नका, मध्ये केक पुढे करायचा प्रसंग येऊ द्या.

---

कटपट्टी

शेवटाबद्दल: टाळ्यांवर कट करू नका. टाळ्या म्हणजे खोलीने त्याला सोडवलं, प्रेक्षकही सुटला. टाळ्या संपू द्या. विनय बसलाय, मास्टर तसाच, आणि कुणीतरी शेजारच्याशी अगदी वेगळ्याच विषयावर बोलायला लागतं. मग दुसरं कुणी. विनय त्या बोलण्यात शिरायला तोंड उघडतो, तिथे कट. त्याचा शब्द ऐकू येता कामा नये. मास्टरमध्ये तेवढं शेपूट शिल्लक असेल तर ६-७ सेकंद पुरतील, नसेल तर कार्डाच्या शॉटबरोबरच हेही घेऊन टाका.